वडील घरी नसतात त्या घरात काय करावं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. नोकरी जवळजवळ सगळी खानापूर तालुक्यात झाली, विट्याच्या आसपासच्या गावांत. पहिलीला मूल दाखल करताना ‘वडिलांचा व्यवसाय?’ विचारलं की कितीतरी आया ‘गलाई’ म्हणायच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. ‘कुठं असतात?’ म्हटलं की मदुराई, कोईमतूर, त्रिशूर, कोलकाता, लुधियाना, असा सगळा भारत माझ्या रजिस्टरात उतरायचा. उरलेल्यांत कुणाचे मिलिटरीत, कुणाचे वाशीच्या मार्केटात माथाडी. आणि काही घरं अशी असायची, की आईनं तोंड उघडायच्या आत आजीच काहीतरी बोलून टाकायची. मग मी पुढचा रकाना घ्यायचे.

पालकसभेला साडीतल्या आया, लुगड्यातल्या आज्या आणि एखाद-दुसरे टोपीवाले आजोबा. बाप्या माणूस दारात दिसला की पोरं माना वळवून बघायची, कुणाचे पप्पा आलेत म्हणून. आमच्याकडं बाप लांब असण्यात लाजण्यासारखं काही नाही. ते रोजचंच आहे आणि म्हणूनच त्यावर कुणी बोलत नाही. पैसे येतात, घरावर स्लॅब पडतो, टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून द्राक्षबागही उभी राहते. ‘पोरांचं काय, आजी-आजोबा आहेत की’ म्हटलं की विषय संपला.

मी हे आयांसाठी आणि आजी-आजोबांसाठी लिहितेय. कुठल्या तरी सराफकट्ट्यामागच्या खोलीत पथारीवर पडून फोनवर वाचणाऱ्या बापासाठीसुद्धा.

पहिला प्रश्न : तारीख आहे का?

बाप घरात नाही, एवढ्या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळी घरं येतात. कामासाठी लांब गेलेला बाप, वारलेला बाप, सोडून गेलेला, परागंदा झालेला, दुसरं घर केलेला, आणि घरातच असून दारूत असलेला. उपाय सुरू करायच्या आधी आपलं घर यातलं कुठलं, हे स्वतःशी नीट ठरवा. मग एक प्रश्न विचारा : बाप परत कधी दिसणार, हे मुलाला माहीत आहे का?

इतक्या वर्षांत मी बघितलं ते असं. बाप लेहला असलेली मुलगी वर्गात शांत असायची, कारण रजा कधी आणि किती, ते तिला पाठ असायचं. बाप कराडात, तासा-दीड तासाच्या वाटेवर. पण तो येईल तेव्हा येईल, असं ज्या मुलाचं होतं, त्याचं लक्ष सदा खिडकीबाहेरच्या मोटारसायकलींच्या आवाजाकडं. अंतरापेक्षा हे न कळणं मुलाला जास्त खातं. म्हणून खाली जे जे सांगणार आहे, ते एकाच कामाचे तुकडे आहेत. तारीख असेल तिथं ती मुलाच्या हातात द्या. नसेल तिथं ‘नाही’ असं खरं सांगा, आणि दुसऱ्या काही गोष्टींच्या तारखा पक्क्या करा.

परिणाम म्हणजे नक्की काय दिसतं, तेही सांगते. सारा मॅक्लानहन या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यात वडील नसण्याचा परिणाम परीक्षेतल्या गुणांपेक्षा वागणुकीवर आणि मनावर ठळक दिसला : मारामारी, न ऐकणं, शाळा अर्धवट सोडणं, मोठेपणी मनाचे आजार. तिकडची घरं वेगळी, तिथं बहुतेक वेळा आईबापाची फारकत असते. आपला गलाईवाला काही घर सोडून गेलेला नसतो. पण माझ्या वर्गातही गणित लगेच बिघडत नव्हतं. आधी मधल्या सुट्टीत हात उचलला जायचा, डबा अर्धा परत जायचा, चौथीतलं मूल अंथरूण ओलं करायला लागायचं. घरचे मात्र शिकवणी लावायचे. शिकवणी लावून हे सुटत नाही.

बाप कामासाठी लांब असेल तर

घरात भारताचा नकाशा लावा. विट्यात स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. आपलं गाव आणि बापाचं गाव पेनानं जोडा, मिरजेहून गाडी कुठून कशी जाते ते मुलाला बोटानं दाखवा. ‘पप्पा तिकडं लांब आहेत’ यानं मुलाच्या डोळ्यापुढं काहीच येत नाही.

मग काम दाखवा. गलाईवाल्यांच्या पोरांना आपला बाप काय करतो हे माहीत नसतं, याचं मला कायम नवल वाटायचं. ‘सोन्याचं काहीतरी’ म्हणतात. बापानं एकदा व्हिडिओ कॉल लावून भट्टी दाखवावी, मूस दाखवावी, जुन्या दागिन्यांतून आणि सोनारांच्या दुकानातल्या झाडलोटीतून सोनं-चांदी वेगळी कशी काढतात ते सांगावं. तेजाबाचा धूर असतो, म्हणून तोंडाला काय बांधतो तेही दाखवावं. दिवसभर बाप कुठं उभा असतो हे बघितलेलं मूल ‘पप्पा मला सोडून गेले’ असं सहजासहजी मनात धरत नाही.

फोनची वेळ एक ठरवा आणि ती पाळा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा चालेल, पण वार ठरलेले हवेत. ‘वेळ मिळाला की करतो’ म्हणजे मुलानं रोज संध्याकाळभर वाट बघायची. बोलताना पहिला प्रश्न अभ्यासाचा नको. ‘अभ्यास करतोस का? आईला त्रास देत नाहीस ना?’ या दोन प्रश्नांवर अख्खं बालपण काढलेली पोरं मी बघितलीत. मागच्या फोनवर त्यानं जे सांगितलं होतं, त्याचं पुढं काय झालं ते विचारा. शेळी व्याली का? पेपरात त्या गणिताचं काय केलंस? मुलाला कळतं, की माणूस तिकडं आहे पण आपलं त्याच्या ध्यानात आहे. लहान असेल तर झोपताना एक गोष्ट व्हॉइस मेसेज करून पाठवा, तेच मूल ती दहादा ऐकेल. माझे अण्णा मदुराईला होते तेव्हा आंतर्देशीय पत्र यायचं. त्यात वरची जागा सगळी शेतीच्या कामांना जायची आणि खाली, दुमडायच्या कडेला, आम्हा पोरांना एकेक ओळ. ती ओळ आम्ही पुन्हा पुन्हा वाचायचो.

आयांनो, एक सवय सोडा : ‘थांब, पप्पांना फोनवर सांगते तुझं!’ यानं बाप म्हणजे फोनमधला पोलीस होतो, आणि सहा महिन्यांनी तो घरी आला की मूल त्याच्यापासून पळतं. शिक्षा करायची तर त्याच दिवशी तुम्ही करा, विषय तिथंच मिटवा.

आणि बापानं, जी तारीख पाळता येणार नाही ती देऊ नये. ‘दिवाळीला नक्की’ म्हणायचं आणि नेमकी धनत्रयोदशीला सराफकट्ट्यात उसंत नसते, हे धंदा करणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. त्यापेक्षा ‘दिवाळीत नाही, गावच्या यात्रेला येतो’ असं म्हणा. त्या दिवशी मूल रुसेल, पण वाट बघून बघून हिरमुसणार नाही. जवानाचं वेगळं आहे. त्याला वर्षाची ६० दिवसांची रजा असली तरी ऐनवेळी रद्द होऊ शकते. तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवावं, की रजा साहेबांच्या हातात आहे, पप्पांच्या नाही. माझी नणंद साताऱ्याकडं, ‘अपशिंगे मिलिटरी’ नावाच्या गावाच्या बाजूला दिलीय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावानं ४६ माणसं गमावली. त्या भागात शेंबडं पोरगंही बापाची युनिट सांगतं, आणि ते फार चांगलं आहे. पण तिकडं दुसरंच एक असतं : ‘फौजीचा पोरगा आणि रडतोस?’ रडू दे की त्याला. बाप सरहद्दीवर आहे म्हणून पाच वर्षांच्या पोरानंही पहारा द्यायचा का?

आल्यावरचा पहिला आठवडा, आणि जातानाची पहाट

लोकांना वाटतं, बाप आला की प्रश्न मिटला. माझ्या वर्गात मुलं सगळ्यांत जास्त बिघडायची ती बाप आलेल्या आठवड्यात आणि गेलेल्या आठवड्यात.

बाप येतो तेव्हा घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. कोण कुठं झोपतं, रिमोट कुणाच्या हातात, जेवायला आधी कोण बसतं, सगळं ठरलेलं. तो येतो, दोन दिवस लाड करतो, खेळणी-कपडे काढतो, आणि तिसऱ्या दिवशी शिस्त लावायला घेतो, कारण सुट्टी थोडी आणि बाप असल्याचं दाखवायचं बरंच राहिलेलं असतं. आईचीही तक्रारींची यादी तयार असते. लहान मूल आईच्या पदराआड लपतं, आणि आजी सगळ्यांदेखत हसून म्हणते, ‘बापाला ओळखंना झालंय!’ बापाच्या काळजात केवढी कळ येते, आणि चिडतो तो मुलावर.

पहिला आठवडा बापानं घरातला एकही नियम बदलू नये. मूल आईजवळ झोपतं तर झोपू द्यावं. स्वतःहून उचलून घेऊ नये, जवळ बसून काहीतरी करत राहावं. सायकलची चेन घालावी, शेंगा फोडाव्यात. मूल येतंच. मग एक काम रोजचं आपल्याकडं घ्यावं : शाळेत सोडणं, दाढी-कटिंगला बरोबर नेणं, रानात पाणी धरायला जाताना मागं बसवणं. हॉटेल आणि खेळण्यांपेक्षा हे पुढं जास्त आठवतं. आईनं तक्रारी आठ दिवस पोटात ठेवाव्यात, आणि सांगायच्या तेव्हा मूल समोर नसताना सांगाव्यात. नवराबायकोचंही इतक्या दिवसांचं बोलायचं राहिलेलं असतं, ते पोरांच्या अभ्यासावरून भांडून बोलू नये.

कायमचा परतलेला बाप हे आणखी अवघड. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून किती माणसं साताऱ्याकडच्या गावांत परत आली. पोरांना बाप मिळाला, पण तो ओट्यावर गप्प बसलेला. पैसा थांबला, मान गेला, आणि घरात त्याची जागा कुठली हे कुणालाच सुचेना. आता धंदा मोडून किंवा आजारपणानं परतणारे गलाईवाले आहेत, त्यांच्या घरात तेच होतं. अशा माणसाला पहिल्या महिन्यातच घरातलं एक ठरावीक काम द्या, जे त्याच्यावाचून अडेल असं.

आता जाण्याबद्दल. आमच्याकडची सर्रास रीत अशी, की पोरगं रडेल म्हणून बाप पहाटेच्या गाडीनं गुपचूप निघून जातो. मूल उठतं तर अंथरूण रिकामं. मग आजी सांगते, ‘दुकानात गेलेत, येतील.’ हे कृपा करून करू नका. असं झालेली पोरं नंतर रात्री झोपायला तयार होत नाहीत. आईच्या पदराची गाठ मारून झोपणारी मुलगी माझ्या वर्गात होती, आई पाणी आणायला उठली तरी किंचाळायची. मुलाला दोन दिवस आधी सांगा. बॅग भरताना जवळ बसवा, एखादी वस्तू त्याच्या हातानं आत ठेवू द्या. पहाटेची गाडी असेल तरी उठवा. रडेल. एसटी हलल्यावर आणखी मोठ्यानं रडेल. नंतर भूक लागेल, जेवेल, आणि त्याला माहीत असेल की बाप कुठं गेलाय आणि कुठल्या यात्रेला यायचाय. बापही आपल्याला फसवत नाही, एवढं त्याला त्या दिवशी कळतं.

‘आता तूच घरातला कर्ता’

हे वाक्य मी दहाव्याच्या घाटावर ऐकलंय, तेराव्याच्या पंगतीत ऐकलंय, आणि स्टँडवर निघालेल्या बापाच्या तोंडूनही ऐकलंय. समोर पाचवीतलं पोरगं असतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. पोरगं घरी जाऊन आईला दारात कोण आलं होतं ते विचारायला लागतं, बहिणीवर हात उचलतं, रात्री दाराची कडी दोनदा बघतं. काम द्या, पद देऊ नका. डेअरीला दूध घालणं, लाइटबिल भरणं, आजोबांच्या गोळ्या आणणं हे त्याला झेपतं. कर्तेपण आईनं घ्यावं आणि ते पोरांसमोर घ्यावं : ‘हे मी ठरवलंय.’

मुलींकडून वेगळंच काढून घेतलं जातं. थोरली मुलगी आईची मैत्रीण होते. सासूचं, पैशाचं, नवऱ्याचं सगळं आई तिच्यापाशी बोलते. आईलाही कुणीतरी हवंच, ते मला कळतं. पण मोठ्या बाईपाशी बोला, बहिणीपाशी, बचत गटातल्या कुणापाशी. आणि मग सातवी-आठवीच्या पुढं भावकी सुरू होते : ‘बाप नाही, जबाबदारी आहे, चांगलं स्थळ आलंय तर उरकून टाकू.’ १८ च्या आत मुलीचं लग्न हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि लावून देणारे, जमवणारे सगळे त्यात येतात. बापाविना पोरीची काळजी वाटते तर तिला बारावी करा. भावकी ऐकत नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालते. लग्नपत्रिका छापायच्या आत फोन केला तर गावात बोभाटा न होता थांबतं.

घरात पुरुष माणूस हवा, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारा एक भरवशाचा मोठा माणूस पुरे, मग तो मामा असो, आजोबा असोत की तालमीतले वस्ताद. तो न चुकता यायला हवा, आणि एकच हवा. चुलता, मामा, शेजारचे अण्णा, प्रत्येकानं कान पिळायचा असं झालं की मूल कुणाचंच राहत नाही. आणि कुणाबरोबर एकटं राहायला मूल नको म्हणत असेल तर ‘असं बोलू नये, मोठे आहेत’ म्हणू नका. का ते शांतपणे विचारा. बाप नसलेल्या घरातलं मूल गैरफायदा घेणाऱ्याला सोपं सापडतं.

बाप वारला असेल तर

मुलाला ‘वारले’ असंच सांगा. ‘देवाघरी गेले’ म्हटलं की चार वर्षांचं मूल विचारतं, देवाघरून कधी येणार? गलाईवाल्याच्या पोरानं तर आजवर जाणारा माणूस यात्रेला परत येतानाच बघितलेला असतो. शरीर बंद पडलं, आता ते श्वास घेत नाहीत, परत येणार नाहीत, हे साध्या शब्दांत सांगावं, आणि विचारील तितक्यांदा सांगावं. त्याला शेजारच्या घरी नेऊन ठेवू नका. बरोबर कुणीतरी एक माणूस द्या आणि त्याला बघू द्या.

कर्जापायी किंवा आणखी कशानं वडिलांनी जीव दिला असेल, तर ते मुलाला गावातून कळणारच, बहुतेक शाळेच्या वाटेवर, आणि वाईट शब्दांत. त्याआधी तुम्ही सांगा. सगळा तपशील नको. ‘पप्पांच्या मनाला मोठं आजारपण आलं होतं, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. तुझ्यामुळं नाही.’ शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा बोला, कारण लहान मुलाला सगळं आपल्यामुळंच घडलंय असं वाटत असतं.

हार घातलेल्या फोटोखेरीज बापाचं काहीतरी घरात वापरात राहू द्या, घड्याळ म्हणा, खोरं म्हणा. आणि त्याच्या गोष्टी सांगा, चुकांच्यासुद्धा. नाहीतर पोराला साधू-संतासारखा बाप मिळतो आणि त्याच्यापुढं ते जन्मभर कमी पडतं.

सोडून गेला असेल, किंवा पत्ताच नसेल तर

बऱ्याच अभ्यासांत असं दिसतं, की बापाच्या मृत्यूपेक्षा फारकतीचा मुलांना जास्त त्रास होतो. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला होता. माणूस गेला म्हणावं तर अंत्यविधी नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही, आणि घर मधेच अडकून पडतं, असं त्यांनी मांडलं. आमच्या गावातल्या टाकलेल्या बायकांच्या घरात मी नेमकं हेच बघितलंय. कुंकू लावावं की नाही, इथपासून सुरुवात.

अशा घरात मुलाला द्यायला तारीख नसते. तेव्हा ‘पप्पा मुंबईला कामाला आहेत’ असं रचून सांगू नका, शाळेतली पोरं दोन दिवसांत फोडतात. ‘ते आपल्याबरोबर राहत नाहीत. परत येतील की नाही, मला माहीत नाही. मी कुठंही जाणार नाही,’ एवढं सांगा. मग दुसऱ्या गोष्टींच्या तारखा पक्क्या करा : रविवारी मामाकडं, बाजारादिवशी भेळ, मे महिन्यात आजोळ. ठरलेलं घडतं, हा अनुभव मुलाला कुठून तरी मिळायला हवा.

बापाला मुलासमोर शिव्या देऊ नका, त्याचं निम्मं रक्त तेच आहे. खोटी स्तुतीही नको. आणि ‘जा, बापाला फीचे पैसे माग’ म्हणून मुलाला दूत करून पाठवू नका. पैसे कायद्यानं मागता येतात, ते पुढं सांगते.

घरात आहे, पण दारूत आहे

या मुलांच्या वाट्याला रोज नवा बाप येतो. सकाळचा चांगला, रात्रीचा वेगळा. दोन गोष्टी निक्षून : मुलाला गुत्त्यावरून बापाला आणायला पाठवू नका, आणि रात्री भांडण पेटलं तर पोरांनी कुणाच्या घरी जायचं ते शुद्धीच्या वेळी ठरवून ठेवा. शेजारणीला सांगून ठेवा, पोरांना रस्ता माहीत असू द्या. मुलाला एकदा स्पष्ट सांगा, की हा आजार आहे आणि तो तुझ्या चांगल्या मार्कांनी बरा होत नाही. साताऱ्यात परिवर्तन, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण अशी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. माणूस जायला तयार नसला तरी बायकोनं आधी जाऊन सल्ला घ्यायला हरकत नाही. मार असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन.

कागद

हे कंटाळवाणं वाटेल, पण यावरच घरं अडकतात. एक प्लॅस्टिकची फाइल करा. बापाचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला त्यात पहिल्यांदा घाला. जातीच्या दाखल्याला बापाकडचे पुरावे लागतात आणि भांडण झाल्यावर सासरचे ते देत नाहीत.

बाप वारला असेल तर मृत्यूचा दाखला काढून तीन महिन्यांत तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज द्या. पोरं लहान असली तरी सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागतं, पुढं ‘अ.पा.क. आई’ म्हणून, म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून, तुमचं. नाव लावून घ्याच, दिरांनी ‘नंतर बघू’ म्हटलं तरी. पोरांच्या वाट्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

नवरा बेपत्ता असेल तर पोलिसांत मिसिंगची तक्रार द्या आणि पोचपावती फाइलला लावा. सात वर्षं काहीच ठावठिकाणा लागला नाही तर कोर्टाकडून त्याला मृत मानून घेता येतं, आणि तेव्हा ती पावती उपयोगी पडते.

सोडून गेलेल्याकडून बायको-मुलांची पोटगी मागायचं कलम पूर्वी १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते १४४ आहे. वकिलाच्या फीला घाबरू नका. बायकांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते.

‘वडिलांची सही आणा’ असं म्हणणारा एखादा साहेब भेटतोच. बाप हजर नसेल, मुलाचा सांभाळ करत नसेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम बघू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ सालीच सांगितलंय. पासपोर्टला आईबापांपैकी एकाचं नाव चालतं. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव आधी येतं, मग बापाचं.

पैशाच्या योजना दोन महत्त्वाच्या. बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिना २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, निर्णय बाल कल्याण समितीचा. संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि टाकलेल्या बायकांना महिना १५०० रुपये, अर्ज तहसीलला. त्याला उत्पन्नाची अट आहे, ती आधी विचारून घ्या. एजंट लागत नाही. अंगणवाडीताईला बरोबर घ्या, तिला सगळे फॉर्म तोंडपाठ असतात.

शाळेत सांगा

मूल महिनाभर नीट जेवत-झोपत नसेल, शाळेला जायचं म्हटलं की रोज पोटात दुखत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो, तिथं दाखवा.

त्याआधी वर्गशिक्षकाला सांगा. जूनमध्येच सांगा, भांडण होऊन बोलावणं यायची वाट बघू नका. बाप कुठं आहे, कधी येणार, घरी कोण बघतं, एवढं पुरे. बाकीची कहाणी सांगायची गरज नाही.

आणि माझ्या शाळेतल्या बहिणी-भावांनो, ‘माझे बाबा’ हा निबंध सगळ्या वर्गाला एकदम देऊ नका. ‘माझ्या घरातलं माणूस’ द्या, ज्याला जे लिहायचं ते तो लिहील. प्रगतीपुस्तकावर ‘पालकांची सही’ म्हणा. आणि पालकसभा सकाळी अकराला ठेवू नका, तेव्हा बाया बागेत असतात. संध्याकाळी सहाला ठेवा, आणि लांब असलेल्या बापाला फोनवर घ्या. आईच्याच मोबाइलवर व्हिडिओ लावून बेंचावर उभा केला की झालं.